अंगावरचा चट्टा आणि दुकानातली ट्यूब



उसाचे पान पिवळे पडले म्हणून कोणी जाणता सभासद लगेच युरियाचे पोते फोडत नाही. तो आधी सरीत बसतो, बुडखा हलवून बघतो. बुडखा सहज उपटून आला तर हुमणीने मुळ्या खाल्ल्या हे त्याला कळते. रान चुनखडीचे आहे, खोडवा आहे, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पांढुरका दिसतो, म्हणजे लोह कमी पडले. तो हिराकस मागायला गट ऑफिसला येतो. सरीत पाणी साठून मुळ्या गुदमरल्या असतील तर चर काढतो. पिवळेपणा दिसायला एकच, पण कारणे चार आणि उपायही चार. हे शिकवायला आता आमची गरज उरलेली नाही.

आणि हाच सभासद जांघेत खाज सुटली की मोटारसायकलला किक मारतो, मेडिकलच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या, जरा स्ट्राँग द्या." कोणती खाज, कुठे, किती दिवसांची, घरात आणखी कोणाला आहे का, काही विचारणे नाही, काही सांगणे नाही. उसाला आपण जेवढी अक्कल लावतो तेवढी स्वतःच्या कातड्याला लावत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. आम्ही डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेली माणसे आहोत. पण प्लॉट पाहणीला बांधावर गेलो की ऊस बघून झाल्यावर हळूच सदरा वर करून "साहेब, हे बघा जरा" म्हणणारे सभासद आम्हाला दर आठवड्याला भेटतात. स्त्री सभासद तर तेवढेही सांगत नाहीत. त्या खाज अंगावर काढतात. शिवाय यातली निम्मी दुखणी शेतातूनच येतात, म्हणून चार शब्द लिहितो. उपचार डॉक्टरनेच करावा. पण डॉक्टरकडे कधी जायचे आणि दुकानात काय मागायचे नाही, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

सगळ्यात जास्त दिसते ते गजकर्ण, कोणी नायटा म्हणतात. गोल चकती, कडेला उठावदार, कोंड्यासारखे पापुद्रे असलेली रेघ, आणि मधला भाग बराचसा साफ. पुस्तकातल्या चित्रात कड लालभडक असते. आपल्या उन्हाने रापलेल्या कातडीवर ती काळपट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे पुष्कळांना ओळखू येत नाही. घाम साठतो आणि कापड घासते तिथे ते धरते: जांघ, कंबर, काख. बायकांना परकराची नाडी बसते तिथे. हा बुरशीचा रोग आहे. काणी आणि तांबेराही बुरशीनेच होतात, तेव्हा बुरशी म्हणजे काय हे आपल्याला नव्याने सांगायला नको. ओल आणि ऊब मिळाली की ती वाढते.

आता त्या 'स्ट्राँग' ट्यूबची गोष्ट. तिच्यात बहुधा तीन औषधे कालवलेली असतात. एक बुरशीचे, एक जंतूंचे आणि तिसरे स्टिरॉइड. हे तिसरे घोटाळा करते. स्टिरॉइड खाज आणि सूज दाबते, बुरशी मारत नाही. उलट बुरशीशी लढणारी अंगाची शक्तीच त्या जागी झोपवते. दोन-चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस म्हणतो काय गुणकारी औषध आहे! ट्यूब बंद केली की आठ दिवसांत चट्टा दुप्पट. पुन्हा ट्यूब. पुढे चकतीच्या आत चकती उठते, कड पुसट होते, आणि मग डॉक्टरलाही ओळखायला त्रास होतो. सहा-सहा महिने लावणाऱ्यांची जांघेतली कातडी कांद्याच्या पातीसारखी पातळ होते, तिच्यावर लांब चिरा पडतात. त्या चिरा जन्मभर जात नाहीत. तोंडाला गोरेपणासाठी असली ट्यूब लावणाऱ्या मुलींच्या गालावर लव वाढते, पुळ्या येतात आणि ऊन सोसत नाही.

सरकारलाही हे दिसले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. खेड्यातल्या दुकानात काय चालते ते आपण जाणताच. दुकानदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक हटून बसले की तो काढून देतो.

यात आणखी एक चिंतेची बाब आहे. पूर्वी नायटा चार आठवड्यांच्या मलमाने जायचा, आता महिनोन्‌महिने जात नाही, अशी तक्रार सगळीकडे आहे. ती खोटी नाही. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या अंगावरून मिळालेल्या एका चिवट बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये वेगळे नाव दिले: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपल्या देशाचे नाव आले, आणि त्यात भूषण मानण्यासारखे काही नाही. टर्बिनाफिन हे एकेकाळचे हमखास औषध या बुरशीवर पुष्कळदा चालत नाही. अर्धवट उपचार आणि स्टिरॉइडच्या ट्यूबा यांनी तिला पसरायला रान मोकळे मिळाले, असे त्वचारोगाचे अनेक डॉक्टर मानतात. एकच कीटकनाशक कमी मात्रेत वारंवार फवारले की कीड निर्ढावते, हे ज्याने शेतात पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

मग ट्यूब ओळखावी कशी? नाव बारीक अक्षरात असते, पण तणनाशकाच्या डब्यावरची अक्षरे आपण वाचतोच ना! ढोबळ खूण सांगतो. औषधाच्या नावाच्या शेवटी 'झोल' असेल, म्हणजे क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल वगैरे, तर ते बुरशीचे. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असेल, म्हणजे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, तर ते स्टिरॉइड. एकाच ट्यूबवर दोन्ही जातीची नावे दिसली तर नायट्यावर ती लावू नका, परत करा.

बुरशीचे साधे मलम चट्ट्याच्या कडेपासून दोन बोटे बाहेरपर्यंत लावावे, कारण बुरशी कडेच्या पलीकडे पोचलेली असते. चट्टा दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे लावावे. इथेच आपण चुकतो. दिसेना झाले की बंद. चट्टे पुष्कळ असतील, डोक्यात किंवा नखात असेल, किंवा महिन्यात हटले नाही, तर पोटात गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरनेच द्यायच्या. घरात ज्याला ज्याला आहे त्या सर्वांनी एकदम उपचार घ्यावा. टॉवेल एकमेकांचा वापरू नये. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून, कडक उन्हात वाळवावेत. आमच्या भागात उन्हाला तोटा नाही, तरी दमट बनियन दांडीवरून काढून तसेच घालणारे कमी नाहीत.

घरगुती उपायांबद्दल थोडे. टाकळ्याचा पाला वाटून लावणाऱ्यांशी आम्ही भांडत नाही. पण बिब्बा, रुईचा चीक, बॅटरीतले पाणी, रॉकेल, जळके ऑईल हे लावून आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. बिब्ब्याने फोड येऊन आठ-आठ दिवस चालता येत नाही, नायटा मात्र असतो तिथेच असतो.

आता दुसरी बाजू. तीच स्टिरॉइडची ट्यूब एका वेगळ्या रोगात खरे औषध आहे, आणि तो रोग आपल्या बांधावरच उगवतो. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो, त्याची आपल्याकडे पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्याला झाली. आज ते नाही असा बांध दाखवा! त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे संपर्क आल्यावर काही माणसांच्या अंगाला ते चालेनासे होते. मग पापण्या, कानामागची जागा, मान, कोपराच्या आतली घडी इथे खाज, सूज, लस, आणि पुढे पुढे कातडी जाड, काळी, खरखरीत होते. गवताला हात लावावाच लागतो असे नाही. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने अंगावर आला तरी पुरते. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या शेतकऱ्यांत हे जास्त दिसते. घरचे म्हणतात उष्णता आहे. मग वांगे बंद, मिरची बंद, अंडे बंद. दोष वांग्याचा नसून बांधाचा असतो.

अशा माणसाला त्वचेच्या डॉक्टरने स्टिरॉइड दिले तर ते योग्यच आहे; ते ठरलेल्या दिवसांपुरते आणि ठरलेल्या मात्रेत घ्यावे. म्हणजे जे औषध नायट्यात घात करते तेच इथे आराम देते. युरियाचेही असेच नाही का? पण नुसत्या मलमाने हा आजार हटणार नाही. गवत हटले पाहिजे. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. ज्याला त्रास आहे त्याने उपटू नये, दुसऱ्याने उपटावे, तेही हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. वाळवून पेटवू नये, धुराने आणि भुग्याने शेजारच्यालाही त्रास होतो. पावसाळ्यात त्याच्यावर मेक्सिकन भुंगे सोडता येतात. ते पाने खातात आणि उसाला तोंड लावत नाहीत. एकट्याने आपला बांध साफ करून भागत नाही, बी शेजारच्या बांधावरून येते. त्यामुळे हे काम गटाने एकाच आठवड्यात करावे, असा आमचा आग्रह राहील.

उसाच्या कुसानेही खाज येते, पण ती अंग धुतले की दोन-तीन दिवसांत जाते. तिच्यासाठी ट्यूब नको. पाचट काढताना लांब बाह्यांचा जुना सदरा घातला की पुरे.

पाण्याला जाणाऱ्यांच्या चिखल्या सर्वांना माहीत आहेत. रात्रपाळीची वीज, चार-चार तास पाय पाण्यात, मग बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी होते, चिरते, झोंबते. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसणे हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे ते बुरशीचे साधे मलम आणि शक्य असेल तर गमबूट. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र चिखल्यांकडे दुर्लक्ष करूच नये. त्या चिरेतून जंतू आत शिरतात. पाय लाल होऊन सुजला, गरम लागला, ताप आला, तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा.

तणनाशकाचा पंप गळतो आणि पाठ भिजते, तरी सोळा पंप पुरे करूनच घरी जायचे, ही मर्दुमकी सोडून द्यावी. अंगावर औषध सांडले की कपडे तिथेच काढून साबणाने पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाण्याने धुवावे. कातडी खरचटलेली असेल तर पॅराक्वाटसारखे जहाल औषध तिच्यातून रक्तात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण वर्तमानपत्रात वाचले आहे.

नागीण झाली की गेरूने रेघा काढणारा शोधत फिरतात. तिचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस जातो, अशी भीती घरोघर आहे. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने, अंगाच्या एकाच बाजूला उठते. वेढा पुरा करण्याचा प्रश्न बहुधा येतच नाही. तिच्यावर औषध आहे, पण ते पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर खरा उपयोग. तेच तीन दिवस गेरूत जातात. डोळ्याजवळ उठली तर एक दिवसही थांबू नये.

आता जो चट्टा खाजत नाही त्याच्याविषयी. आमच्या मते सर्वांत धोक्याचा तोच, कारण तो कोणी दाखवतच नाही. फिकट किंवा तांबूस डाग, त्यावर घाम येत नाही, आणि डोळे मिटून कापसाच्या वातीने हळूच स्पर्श केला तर कळत नाही. असा डाग असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. नाव ऐकून दचकू नका. या रोगावर बहुविध औषधोपचार १९८२ पासून जगभर चालू आहे, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते, आणि ठराविक महिन्यांत माणूस पूर्ण बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्याला बाधा होत नाही. लपवला तर मात्र बोटे वाकडी होतात, पायाला बधिरपणा येऊन जखमा होतात. "पोरीचं लग्न होऊ द्या, मग बघू" असे सांगणारा बाप आम्हाला एका गावात भेटला. लग्नापूर्वी औषध घेतले असते तर सांगण्यासारखे काही उरलेच नसते. उलट, दुधासारखा पांढरा कोडाचा डाग असतो, त्यावर स्पर्श नीट कळतो. तो कुष्ठ नव्हे आणि लागतही नाही. पाठीवर-छातीवर पांढरट, भुसा पडल्यासारखी शिबं असतात, तीही साधी बुरशी. या तिन्हींची गल्लत करून गावात माणसाला पाण्यावरून उठवलेले आम्ही पाहिले आहे.

शेवटी खरजेबद्दल, आणि इथे आम्हाला सभासदांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालन्याकडून टोळ्या येतात. कोपीत सहा-सात माणसे एका पांघरुणात झोपतात. महिनाभरात बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या आणि रात्री झोप उडवणारी खाज. मग गावात बोलले जाते, "टोळीवाल्यांना खरूज आहे, त्यांना हौदावर येऊ देऊ नका." ज्याच्या फडात ते राबतात तोही हेच म्हणतो!

खरूज घाणीने होत नाही, दाटीने होते. डोळ्याला न दिसणारा एक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. रोज अंघोळ करणाऱ्यालाही होते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे ज्याला खाज नाही त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. त्यामुळे एकट्याने औषध लावले की फुकट जाते. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडा आणि जांघेसह, सगळ्या अंगाला लावायचे, सकाळी धुवायचे, आणि सात दिवसांनी दुसरा हात. घरातल्या सर्वांनी एकाच रात्री. तान्ह्या मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरला विचारायचे. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवायचे; जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवायचे. किडा मेला तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोपडत बसू नये.

यात हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. खाजवून फोड पिकले आणि तसेच राहिले तर काही लहान मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी तोंड सुजलेले, लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची दिसली तर पोराला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. कोयत्यावर आलेली आई एक दिवस मोडायला घाबरते, कारण उचल फेडायची असते. इथे सभासदाने आणि मुकादमाने मिळून तिला मोकळे केले पाहिजे.

आमची सूचना अशी. टोळ्या उतरल्यावर पहिल्या आठ दिवसांत प्रत्येक अड्ड्यावर आरोग्य केंद्राच्या मदतीने तपासणी व्हावी आणि जिथे खरूज निघेल तिथे संपूर्ण टोळीला एकाच रात्री औषध द्यावे. मलमाचा खर्च कारखान्याने उचलावा. बंद पडलेल्या एका कोयत्याचे नुकसान त्याहून मोठे असते. धुण्याला पाणी त्या गावच्या सभासदांनी द्यावे, हौदावरून उठवू नये. डॉक्टरकडे जायचे तर दिवस मोडतो, ही सभासदांचीही अडचण खरी आहे. त्यासाठी महिन्यातून एकदा त्वचेचा डॉक्टर गट ऑफिसला बसवता येईल का, हेही संचालक मंडळाने बघावे. हे सर्व आम्ही हंगामापूर्वीच्या गटसभांत मांडणार आहोत, सभासदांनी तिथे आपले म्हणणे सांगावे. चिटबॉय मंडळींना मात्र आजच सांगून ठेवतो: औषधाचा दुसरा हात सात दिवसांनी असतो, तेव्हा मधल्या काळात टोळी दुसऱ्या गावाला हलवायची झाली तर आदल्या दिवशी गट ऑफिसला कळवा.